हमखास जागा

९ एप्रिल

प्रति,
सदस्य संपर्क अधिकारी,
विमान कंपनी.

विषय: सोनेरी दर्जा न कळवता काढून घेतल्याबद्दल.

महोदय किंवा महोदया,

मंगळवार, दिनांक ७ एप्रिल, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुमच्या काउंटरवरच्या मुलीनं माझं सोनेरी कार्ड यंत्रात घातलं, काढलं, बोटानं पुसून पुन्हा घातलं आणि मला म्हणाली, "आजी, हे आता चालत नाही. तुम्ही साध्या झालात." मी तिची आजी नाही, आणि साधी तर मी शाळेतही नव्हते. माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसानं घड्याळात पाहिलं. मला लांबच्या रांगेत पाठवण्यात आलं.

रांगेबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या लाउंजमधल्या कोमट कॉफीबद्दल आणि त्याहून कोमट सूपबद्दल तर मुळीच नाही. ते गेलं तर पोट तरी सुधारेल. माझं म्हणणं एकाच सवलतीबद्दल आहे. सोनेरी सदस्यानं आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत फोन केला, तर विमान भरलेलं असलं तरी त्याला जागा मिळते. तुमच्याच पुस्तिकेत तिला "हमखास जागा" म्हटलं आहे.

माझी थोरली बहीण तुमच्या विमानाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिची फुफ्फुसं आखडत चालली आहेत. डॉक्टर म्हणतात, कधी काय होईल सांगता येत नाही. ती म्हणते, डॉक्टरचंही तसंच आहे. तिथं दिवसाला तुमचं एकच विमान जातं. आगगाडीला दोन रात्री लागतात. सहा वर्षं मी दर महिन्याला, कधी दोनदा, जाऊन येते. ही सवलत मी आजवर एकदाही वापरलेली नाही. ती आहे एवढ्यावर मला झोप लागते.

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. अभ्यासक्रम आम्हीही बदलायचो. पण जुन्या मुलांना जुन्या नियमांनी आणखी दोनदा परीक्षेला बसता यायचं, आणि बदलाची सूचना प्रत्येक महाविद्यालयाच्या फळ्यावर लागायची. वर्षभर इतिहास शिकवून पेपर भूगोलाचा हातात ठेवायचा, असं आमच्याकडे कुणी केलं असतं तर त्याच्या घरावर मोर्चा गेला असता.

गेल्या वर्षीही मी तितक्याच वेळा उडाले आहे. मग नापास कशी झाले? २० एप्रिलच्या आत लेखी कळवावं.

आपली,
एक सदस्य (तूर्त साधी)

---

१७ एप्रिल

आदरणीय सदस्य,

आपल्या पत्राबद्दल आभार. आपला प्रत्येक प्रवास आमच्यासाठी मोलाचा आहे.

अधिक निष्ठावंत सदस्यांना अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून आम्ही गेल्या वर्षीपासून दर्जा मोजण्याची पद्धत सोपी केली आहे. पूर्वी वर्षातल्या उड्डाणांची संख्या मोजली जात असे. आता सदस्यानं स्वतः तिकिटांवर केलेला खर्च मोजला जातो. नव्या पद्धतीनुसार आपण मूळ श्रेणीत आहात. या बदलाची सूचना, तसंच स्मरणपत्रं, आपल्या नोंदणीकृत ई-मेलवर वेळोवेळी पाठवण्यात आली होती.

आपल्या दीर्घ सोबतीची कदर म्हणून लाउंजची दोन कुपनं सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
सदस्य संपर्क अधिकारी

---

२० एप्रिल

प्रिय ढब्बू,

सोबत दोन कुपनं पाठवते आहे. तू कामासाठी सारखा विमानातून हिंडतोस, तेव्हा माझ्या नावानं ते सूप पी. कंपनीनं माझ्या सहा वर्षांची किंमत दोन वाट्या सूप ठरवली आहे. पत्र वाच आणि "सोपी" हा शब्द बघ. ज्याचं गेलं त्याला सोपं म्हणून सांगायचं, ही कला आमच्या विद्यापीठातही दोघातिघांनाच साधली होती.

त्यांचं म्हणणं, मला सूचना पाठवली होती. खोटं. मी रोज सकाळी चहाबरोबर ई-मेल उघडते. गुडघ्याचे पट्टे विकणाऱ्यांपासून परदेशातल्या राजपुत्रापर्यंत सगळे मला लिहितात, या कंपनीचं एक अक्षर आलेलं नाही. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, पत्र लिहिलं असेल तर ते पोचवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. त्या असत्या तर या अधिकारीबाईंना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

दुसरं, खर्च मोजतात म्हणे. गेली दोन वर्षं तिकिटं तूच काढतोस, तुझ्या ऑफिसच्या सवलतीत. ती सवलत म्हणजे नक्की काय रे? मी हिशेब विचारला की तू "बघू नंतर" म्हणतोस, तुझ्या आईचंच वळण. सवलतीमुळे माझा खर्च कमी दिसत असेल, तर पुढचं तिकीट पुऱ्या भावानं काढ. माझं पेन्शन अजून चालू आहे, मीही चालू आहे.

ताईला सांग, मी ८ मेला येते. तिच्या प्राणवायूच्या यंत्राचा आवाज अजून शिट्टीसारखा येतो का? माणूस बोलावून बघून घे. फोनवर ती मला "छान आहे" एवढंच सांगते, आणि त्यातही "छान" आणि "आहे" यांच्यामध्ये श्वास घेते. खरं काय ते तू लिही.

तुझी,
मावशी

---

२५ एप्रिल

प्रिय मावशी,

पत्र मिळालं, कुपनं मिळाली. तू विमान कंपनीच्या नादी लागू नकोस. त्या लोकांना फरक पडत नाही आणि तुझा रक्तदाब वाढतो. सूचनेचं वगैरे मी बघतो. तू तिकडे पुन्हा लिहू नकोस, प्लीज.

८ मेचं तिकीट काढलंय. सवलतीचं आल्यावर बोलू.

यंत्र दुरुस्त झालं. आईची गोळी वाढवली आहे. जेवण कमी झालंय, पण बोलणं नाही. पुढचं तिनं सांगितलेलं लिहितोय, मला दोष देऊ नकोस:

"धाकटीला लिही, मदर सुपिरिअरला अर्ज केल्यासारखी पत्रं कंपनीला लिहू नकोस, ते घाबरून विमानच बंद करतील. आणि त्या चपला टाकून दे म्हणावं. तीनदा टाके घातलेत, मी मोजलेत. पुढच्या वेळी नव्या घालून आली नाही तर दारातूनच परत पाठवीन. खुर्ची रिकामी करून ठेवते."

खुर्चीचं तुला माहीतच आहे. तिच्या पलंगाजवळची वेताची खुर्ची. एरवी तिच्यावर माझी कागदपत्रं, तिचे टॉवेल, औषधांचे खोके असतात, पण तू यायची असलीस की दोन दिवस आधीपासून ती माझ्यामागे लागते, उचल ते सगळं, धाकटी कुठे बसेल. मी म्हणालो, अजून दोन आठवडे आहेत. तर म्हणाली, मग दोन आठवडे रिकामी राहिली तर खुर्चीचं काय झिजतंय?

खरं काय ते लिही म्हणालीस. दमते लवकर. दुपारभर झोपते. पण ८ तारीख लांब नाही.

ढब्बू

---

१२ मे

प्रति,
सदस्य संपर्क अधिकारी.

विषय: उत्तरपत्रिकेची प्रत मिळण्याबाबत.

महोदया,

रविवार, दिनांक ३ मे, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी तुमच्या कार्यालयाला फोन केला. त्याआधी थोडा वेळ माझ्या भाच्याचा फोन आला होता. तो म्हणाला, मावशी, ८ तारखेची वाट बघू नकोस, उद्याच निघ.

तुमचा फोनवरचा माणूस सभ्य होता, हे नमूद करते. त्यानं सोमवारचं विमान पाहिलं आणि भरलं आहे म्हणाला. मी म्हटलं, हमखास जागा द्या. तो म्हणाला, "ती सोनेरी सदस्यांना देता येते मॅडम. तुमच्या नावावर तसं दिसत नाही." मी म्हटलं, महिन्यापूर्वीपर्यंत दिसत होतं. तो म्हणाला, "हो. तेही दिसतंय."

मी त्याला काय काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. मी आयुष्यात कुणाकडे वशिला लावलेला नाही आणि माझ्याकडे लावणाऱ्याला उभं केलेलं नाही. त्या दिवशी मी त्या मुलाची विनवणी केली. त्यानं मला मंगळवारची जागा दिली.

ताई सोमवारी संध्याकाळी गेली.

मंगळवारी मी तुमच्या विमानात कडेच्या खुर्चीवर बसून गेले. शेजारची खुर्ची मोकळी होती. तुमच्या मुलीनं विचारलं, तिथं बॅग ठेवायची आहे का. सोमवारच्या विमानात ऐन वेळी न आलेल्यांच्या किती जागा तशाच गेल्या, हे मी विचारत नाही. ते मला कळवू नये.

कार्ड मला परत नको. ते मी कात्रीनं कापलं आहे. ताईच्या घरून एकदा परतले की मला त्या मार्गावर पुन्हा कुठंही जायचं नाही. पण आमच्याकडे नापास झालेल्या मुलाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क असतो. मार्क वाढत नसले तरी कुठे गेले ते कळतं. मलाही कळलं पाहिजे. मी गेल्या वर्षी केलेलं प्रत्येक उड्डाण, त्याला तुम्ही दिलेला गुण, आणि शून्य दिला असेल तर का, हे सगळं कळवावं. ज्या सूचना पाठवल्या म्हणता, त्या कुठे पाठवल्या तेही.

२२ मेच्या आत लेखी. कुपनं पाठवू नयेत.

एक माजी सदस्य

---

२१ मे

आदरणीय बाई,

तुमच्या बहिणीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. हे वाक्य आमच्या ठरलेल्या मजकुरातही असतं, म्हणून हे पत्र मी हातानं लिहिते आहे.

तुम्ही मागितलेला तपशील सोबतच्या कागदावर आहे. थोडक्यात सांगायचं तर, गेल्या वर्षातल्या तुमच्या सगळ्या उड्डाणांचा गुण शून्य आहे. कारण ती तिकिटं विकत घेतलेलीच नव्हती. दुसऱ्या एका सदस्यानं स्वतःच्या प्रवासातून साठवलेले पॉइंट्स देऊन ती तुमच्या नावानं काढली होती. जुन्या नियमांत अशी तिकिटंही उड्डाण म्हणून मोजली जायची, त्यामुळे तेव्हा तुमचा दर्जा टिकला. नव्या नियमांत फक्त सदस्याचा स्वतःचा खर्च धरतात. कुणी प्रेमानं दिलेलं तिकीट त्यात बसत नाही.

सूचनांबद्दल. दोन वर्षांपूर्वी तुमच्या खात्यावरचा ई-मेल पत्ता बदलला गेला. आमच्या सगळ्या सूचना त्या पत्त्यावर गेल्या. त्यातली एकही तेव्हा उघडली गेल्याची नोंद नाही. त्या सगळ्या या वर्षी, २३ एप्रिलला, एकामागून एक उघडली गेली. तो पत्ता आणि तिकिटं देणाऱ्या सदस्याचा पत्ता एकच आहे.

त्यांचं नाव मला सांगता येत नाही. पुढचंही खरं तर सांगायला नको, पण तुम्ही उत्तरपत्रिका मागितली आहे आणि ही त्यातलीच एक पुरवणी आहे. २४ एप्रिलला त्यांनी आमच्याकडे फोन करून विचारलं, की माझा सोनेरी दर्जा काढून मावशीला देता येईल का. नियमात बसत नाही असं आम्ही सांगितलं. ३ मेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्यांचा पुन्हा फोन आला. माझी हमखास जागा मावशीला द्या, मी पुन्हा कधी मागणार नाही, असं ते म्हणत होते. ती जागा फक्त सदस्याला स्वतःच्या प्रवासासाठी असते. तेव्हा फोनवर मी होते. नाही मीच म्हटलं.

नियम बदलावा की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या पत्रात तो "सोपा" आहे असं मात्र मी लिहिलं होतं. तो शब्द मागे घेते.

सदस्य संपर्क अधिकारी

---

२८ मे

ढब्बू,

कंपनीच्या बाईंचं पत्र सोबत जोडते. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? ठोंब्या आहेस तू. लहानपणी सायकलचा आरसा फोडलास तेव्हा तीन दिवस माळ्यावर जाऊन बसला होतास, तसाच अजून बसला आहेस, फक्त माळा बदलला आहे. मंगळवारी मी दारात आले, तर तू माझी बॅग घेतलीस आणि माझ्याकडे न बघता आत गेलास. मी तुमच्याकडे तेरा दिवस राहिले. माणसं येत होती, जात होती. तू त्यांना पाणी देत होतास, खुर्च्या देत होतास, आणि मी ज्या खोलीत असेन तिथून उठून जात होतास. निघताना मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला तर म्हणालास, गाडी आली मावशी. त्यानंतर माझे फोन तू उचललेले नाहीत.

मला वाटलं, तू माझ्यावर रागावला आहेस. अगदी बरोबर आहे, असंही वाटलं. बहीण मरणाच्या दारात, आणि ही बाई मंगळवारी उगवते, रडून झाल्यावर. घरी आल्यापासून मी रोज तुझ्या बाजूनं माझ्याविरुद्ध भांडत होते, आणि रोज तूच जिंकत होतास. पत्र लिहायला घेतलं की माफीच्या पलीकडे जाता येईना, म्हणून पाठवलं नाही.

आणि तू तिकडे काय समजून बसला आहेस, ते आता मला कळलं. मावशीला जागा मिळाली नाही ती माझ्यामुळे.

तर ऐक. ही कल्पना तुझी नाही. तुला चपला दिसत नाहीत. तू माणसाच्या तोंडाकडेसुद्धा धड बघत नाहीस. चपला ताईला दिसल्या. तिनं पलंगावरून माझ्या पायांकडे पाहिलं आणि तुला सांगितलं असेल, की धाकटीची तिकिटं तू काढ आणि तिला कळू देऊ नकोस, ती घेणार नाही. बरोबर? मी घेतली नसतीच. आम्हा दोघींमध्ये हे असंच चालायचं. शाळेत ती माझ्या डब्यात स्वतःचा अर्धा डबा लपवायची आणि मी वर्गात तिच्या नावानं ओरडायचे. ऑफिसची सवलत म्हणे. तू खोटं बोलतोस तेव्हा कान चोळतोस, आणि फोनवर कान दिसत नाहीत, एवढीच माझी चूक.

ई-मेल तू उघडले नाहीस, हे मात्र तुझं आणि फक्त तुझंच. त्याबद्दल समोर आलास की बोलेन, आणि चांगली बोलेन. पण ते उघडले असतेस तरी काय केलं असतंस? मला सांगितलं असतंस, मी पॉइंट्सचं ऐकून तिकिटं बंद केली असती, पेन्शनमधून जमेल तेवढी आले असते. आधीच्या चार वर्षांत शिल्लक संपली होती; जमलं असतं ते दोन-तीन महिन्यांतून एकदा. हे मी तुझं समाधान करायला लिहीत नाही. मी समाधान करण्यात कच्ची आहे, ते खातं ताईचं. मी फक्त गुण पुन्हा मोजून बघितले.

बेरीज तरी जुळत नाही, हेही खरं. महिन्यामागून महिने तिच्याजवळ बसले, आणि ज्या एका दिवशी बसायला हवं होतं त्या दिवशी घरी पलंगावर भरलेल्या बॅगेशेजारी बसून होते. याचं मी काय करू ते मला समजत नाही. कंपनीवर ओरडून झालं. त्या अधिकारीबाई इतकं खरं लिहून बसल्या आहेत की त्यांच्यावरही आता ओरडता येत नाही. तू फोन उचलत नाहीस. माझ्या बाजूनं बोलणारं आणि माझ्याशी भांडणारं एकच माणूस होतं, ते गेलं. तिच्यामागे मला तू आहेस, आणि तू माळ्यावर बसला आहेस.

आता माझा खरा प्रश्न. तो मी त्या तेरा दिवसांत रोज विचारणार होते आणि रोज तू उठून गेलास.

मंगळवारी मी ताईच्या खोलीत गेले तेव्हा पलंग उघडा होता, यंत्र बंद करून भिंतीशी लावलेलं होतं, नळी गुंडाळून ठेवली होती. आणि वेताची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर एक कागद नव्हता, टॉवेल नव्हता. खोके खाली फरशीवर ओळीनं लावलेले होते. सगळ्या घरात माणसं दाटली होती, बसायला जागा नव्हती, दोघंजण तर दारात उभे होते. त्या खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं.

मीही बसले नाही. तेरा दिवस बसले नाही.

ती खुर्ची कुणी रिकामी केली होती? आदल्या आठवड्यात तिनं करून घेतली ती तशीच राहिली होती, की सोमवारी तिनं पुन्हा सांगितलं? रविवारी मला जागा मिळाली नाही, हे तू तिला सांगितलंस का? की मावशी निघाली आहे, असं सांगितलंस आणि कान चोळलास? ती दाराकडे बघत होती का?

यातलं जे खरं असेल ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, मला ते लगेच कळेल; माझ्या हाताखालून तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका गेल्या आहेत. आणि तू सांगितलं असशील, की मावशी निघाली आहे, वाटेत आहे, तर तेही तसंच लिही. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही.

फोन चालणार नाही. फोनवर तू "बघू नंतर" म्हणशील. मला पत्र हवं, तुझ्या हातचं. ते १० जूनच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं, तर ११ तारखेला मी आगगाडीत बसेन, दोन रात्री काढून तुझ्या दारात येईन, आणि उत्तर लिहून होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठणार नाही.

चपला नव्या घेतल्या आहेत.

मावशी